स्पार्टाचे भक्त आणि विसरलेले हेलॉट

जिममध्ये कुणाच्या टी-शर्टवर स्पार्टाचं शिरस्त्राण दिसलं की मला हेलॉट आठवतात. आपल्याकडे प्राचीन ग्रीसमधलं स्पार्टा म्हणजे शिस्त, त्याग आणि थर्मोपिलीच्या खिंडीत पर्शियन फौजेशी लढलेले 300. इ.स.पू. 480 मध्ये त्याच खिंडीत शेवटपर्यंत थांबलेले थेस्पिया या दुसऱ्या ग्रीक शहराचे 700 जण कुणाच्याच टी-शर्टवर नसतात. सोबत आणलेले हेलॉट तर सोडाच.

हेलॉट म्हणजे लॅकोनिया आणि मेसेनियातले जमिनीला बांधलेले गुलाम. शेत कसायचं यांनी, धान्य जायचं स्पार्टन मालकाच्या घरी. म्हणून तर स्पार्टाच्या पुरुषाला जन्मभर कवायत करायला सवड होती. दरवर्षी निवडून येणारे पाच एफोर, म्हणजे स्पार्टाचे बडे अधिकारी, पदावर बसले की या हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारायचे. आपल्याच शेतात राबणाऱ्यांविरुद्ध! का, तर युद्ध चालू असताना मारलं की पाप लागत नाही. ॲरिस्टॉटलचा हवाला देऊन प्राचीन चरित्रकार प्लुटार्कने हे नोंदवलंय.

ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने सांगितलेला प्रसंग तर याहून भयंकर आहे. स्पार्टाने जाहीर केलं, ज्या हेलॉटांनी लढाईत सगळ्यात जास्त मर्दुमकी गाजवली असेल त्यांनी पुढे यावं, त्यांना मोकळं करू. सुमारे 2000 जण निवडले गेले. डोक्यावर हार घालून, आता आपण सुटलो म्हणत, ते देवळांना फेरी घालून आले. थोड्याच दिवसांत सगळे गायब. कोण कसा मेला, कुणालाच कळलं नाही. जो आपण होऊन पुढे येतो तोच उद्या बंड करणार, हा हिशेब. या शिस्तीचं मूळ शौर्यात कमी आणि भीतीत जास्त होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ही व्यवस्था स्वतःलाच खात गेली. सामुदायिक जेवणाच्या पंगतीसाठी प्रत्येकाने दरमहा जवाचं पीठ, वाइन, चीज, अंजीर द्यायचे. जमलं नाही तर नागरिकत्व गेलं. इ.स.पू. 371 ला थीब्ज शहराविरुद्धच्या ल्यूक्ट्राच्या लढाईत स्पार्टाचे पूर्ण नागरिक उतरले होते जेमतेम 700. त्यातले 400 तिथेच पडले. दोनेक वर्षांत मेसेनिया हातातून गेला.

स्पार्टाचे प्रतिस्पर्धी असलेल्या अथेन्सवाल्यांनीही लगेच कॉलर ताठ करू नये. त्यांच्या लॉरियनच्या चांदीच्या खाणींत गुलामच खपत होते. बायकांना मत नाहीच, मालमत्तेवरही फारसा हक्क नाही. त्या बाबतीत जमिनी बाळगणाऱ्या स्पार्टन बायका कितीतरी बऱ्या होत्या. मेलोस बेटावरचे पुरुष कापणारं आणि सॉक्रेटिसला विष प्यायला लावणारं गावही हेच.

तरी मला अथेन्स आवडतं, आणि ते त्याच्या गोंधळासाठी. 500 जणांचं मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडायचं. ज्युरीत बसणाऱ्याला भत्ता, आधी दोन ओबोल (चांदीची छोटी नाणी), मग तीन. एखादा पुढारी डोईजड झाला की खापरावर नाव कोरून मत द्यायचं आणि त्याला दहा वर्षं हद्दपार करायचं. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत अशी 190 खापरं सापडली. सगळ्यांवर थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्याचं नाव, पण अक्षर मोजून चौदा-एक जणांचं. म्हणजे लोकांमध्ये वाटण्यासाठी कुणीतरी बसून गठ्ठाच तयार केला होता. कार्यकर्ते तेव्हाही कार्यकर्तेच!

स्पार्टाची एक जुनी जाहिरातसुद्धा अथेन्सच्याच माणसाने केलीय. लेखक झेनोफनला अथेन्सने हद्दपार केलं, स्पार्टाने जमीन दिली, आणि त्याने स्पार्टाच्या राज्यव्यवस्थेवर कौतुकाचं पुस्तक लिहिलं. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिसने तर अथेन्सच्या न्यायालयात उभं राहून सांगितलं होतं की स्पार्टात अथेन्सच्या कायद्यांची स्तुती करायला मुभा नाही. अथेन्सचं कौतुक स्पार्टात बसून लिहिणारा एखादा स्पार्टन कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा, मला खरंच वाचायचाय.