झोपेत पैसे येतात म्हणे

आज दुपारी भाचा येऊन गेला. हातात मोबाईल, मोबाईलवर कुठलीशी रील. गॉगल लावलेला एक पोरगा समुद्राकडे पाठ करून सांगतोय, फ्लॅट घ्या, ॲपवर पाहुण्यांना रात्रीच्या भाड्याने टाका आणि झोपा, पैसे येत राहतील. एअरबीएनबी नावाच्या ॲपवर माझा असा एक फ्लॅट आहे. भाचा म्हणाला, "आत्या, तुझं बरंय गं. मीपण कर्ज काढून एक घेतोच." इथवर मी हसत होते. मग त्याने टेबलावरची माझी हिशेबाची वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ऐनवेळी बुकिंग रद्द झालं तरी सफाईच्या मावशींना अर्धे पैसे? हा धंदा आहे की धर्मादाय?"

तोंडावर काही बोलले नाही. घरी आलेलं पोर, काय बोलणार? पण तो गेल्यापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून इथे लिहितेय. तो माझं सगळं वाचतो. हेही वाचू दे.

झोपेचं आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी मी एका लग्नाला गेले होते, फ्लॅटपासून तीन तासांवर. मोबाईल पर्समध्ये, पर्स खुर्चीखाली. रात्री पावणेदोनला बाहेर काढला तर सात मिस्ड कॉल. विमान उशिरा आलेलं कुटुंब माझ्या दारात उभं, आणि दाराचं कोडवालं कुलूप मेलेलं. सेल संपले होते. त्या बाईंनी फोटो पाठवला होता, तो अजून मी डिलीट केलेला नाही. त्यात कुणाचा चेहरा नाही, नुसती उभी बॅग, बॅगेवर टेकलेला गुडघा आणि खांद्यावरून लोंबणारा झोपलेल्या पोराचा हात.

मी मावशींना फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. "किल्ली माझ्याकडे आहे, निघाले," एवढंच म्हणाल्या. मुलाला उठवून बरोबर घेतलं आणि पंधरा मिनिटांत दार उघडलं. पाहुण्यांना गिझरचं बटण दाखवलं, पोराला झोपवायला बेडवरचं पांघरूण बाजूला करून दिलं आणि मग घरी गेल्या.

तर झोपेत पैसे येतात ते असे. मी झोपलेली नव्हते, त्याही नाही.

आणि चूक कुणाची? कुलपाचं ॲप सहा दिवस मला लाल ठिपका दाखवत होतं. रोज बघायचे आणि बोटाने सरकवून टाकायचे. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने कुलूप उलटं करून खालची दोन बारकी टोकं दाखवली. तिथे बाहेरून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवली की कुलूप तेवढ्यापुरतं जागं होतं. पुष्कळ कुलपांना ही सोय असते. विकत घेऊन वर्ष झालं होतं, माहितीपत्रक ड्रॉवरमध्ये पडून होतं, मी उघडलंच नव्हतं. आता दर महिन्याच्या एक तारखेला सेल बदलते, संपलेले असोत नसोत. खाली जिन्याजवळ आकड्यांची किल्लीपेटी लावलीय, तिचा आकडा दर पाहुण्यागणिक बदलतो. आणि एक किल्ली मावशींकडे कायम.

भाच्या, आता तुझं गणित घेऊ. अकराला एक पाहुणा निघतो, तीनला दुसरा येतो. मध्ये चार तास. त्यात चादरी, अभ्रे, टॉवेल काढायचे, बाथरूमच्या जाळीतले केस काढायचे (एक केस राहिला की रिव्ह्यूत तोच केस), फ्रीजमधलं उरलंसुरलं फेकायचं, रिमोट शोधायचा, बल्ब लागतात का बघायचं. हे चार तास म्हणजे धंदा. बाकी मी मोबाईलवर जे करते ते कारकुनी. मावशी त्या दिवसासाठी दुसरं काम नाकारतात. पाहुण्याने रात्री दहाला रद्द केलं तर त्यांचा दिवस कोण भरून देणार, रीलमधला तो गॉगलवाला?

दर बेडसाठी चादरींचे तीन जोड ठेवायचे. एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. सगळं पांढरं. लोकांना वाटतं हॉटेलसारखं दिसावं म्हणून, पण खरं कारण असं की पांढरं कापड गरम पाण्यात ब्लीच घालून धुता येतं, रंगीत गेलं की गेलं. मीही सुरुवातीला हौसेने फुलाफुलांच्या चादरी आणल्या होत्या. आता त्यांची फडकी झालीत.

एका रात्रीचं बुकिंग मी घेत नाही. एक रात्र राहा की पाच, सफाई तेवढीच, धुलाई तेवढीच. कमीत कमी दोन रात्री. दोन बुकिंगच्या मध्ये एखादी रात्र अडकून राहते, ती कमी दरात काढून टाका असं सगळे सांगतात. पटतं मला, पण मी नाही काढत. त्या दिवशी गाद्या उलटवते, पडदे धुते, एक्झॉस्टची जाळी खाली काढते. नाहीतर हे करायचं कधी?

कर्ज काढायचं असेल तर महिन्यातल्या निम्म्या रात्री रिकाम्या धर. उरलेल्यातून ॲपचं कमिशन, सफाई, धुलाई, वीज, इंटरनेट, विमा, मोडतोड वजा कर आणि मग बघ हप्ता बसतो का. नसेल बसत तर घेऊ नकोस, एवढं साधं आहे. आणि विम्याचा कागद नीट वाच. घरासाठी काढलेला साधा विमा बऱ्याचदा पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या जागेला लागूच होत नाही, आणि हे कळतं ते पाइप फुटल्यावर.

नियम तर आधी बघ, फर्निचर नंतर. इमारतीच्या बाकीच्या लोकांचं काय म्हणणं आहे, परवाना लागतो का, कर कुठला बसतो. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुदतीच्या भाड्याला नोंदणी सक्तीची केली, वर मालकाने त्याच घरात राहायचं आणि पाहुणे दोनच. लंडनमध्ये पूर्ण घर वर्षाला ९० रात्रींच्या वर द्यायचं तर वेगळी परवानगी लागते. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर करून टाकलं की नोव्हेंबर २०२८ पर्यंत शहरातले १०,१०१ पर्यटक फ्लॅटचे परवाने संपणार. रीलमध्ये हे कुणी सांगत नाही. आमच्यासारख्यांमुळे राहत्या लोकांना भाड्याने घरं मिळेनाशी होतात असं म्हणणारे लोक आहेत, आणि खोटं नाही बोलत ते. चला पुढे.

शेजाऱ्यांना पहिला पाहुणा येण्याआधी माझा नंबर दिला होता. त्यांनी पोलिसांना फोन करण्याआधी मला करावा म्हणून. आवाजाचं डेसिबल मोजणारं एक यंत्र हॉलमध्ये आहे, ते बोलणं रेकॉर्ड करत नाही आणि ते आहे हे लिस्टिंगमध्ये, म्हणजे ॲपवरच्या फ्लॅटच्या जाहिरातीत, लिहिलंय. भाचा म्हणे, सरळ कॅमेरा लाव. अरे, एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेऱ्याला बंदी केलीय, हॉलमध्येसुद्धा. आणि बंदी नसती तरी? त्या झोपलेल्या पोराच्या आईला आपण कॅमेऱ्यातून बघणार होतो का?

जरा जास्तच तापले. पाणी पिऊन आले.

रिव्ह्यूंचं सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं चार स्टार म्हणजे उत्तम. इथे नाही. सुपरहोस्ट, म्हणजे ॲपने चांगला यजमान म्हणून दिलेला बिल्ला, टिकवायचा तर पाचपैकी सरासरी ४.८ लागते. दहा रिव्ह्यूंमध्ये तीन लोकांनी 'छान होतं' म्हणून चार दिले की ४.७, आणि तुम्ही बाहेर. शिवाय ९० टक्के निरोपांना वेळेत उत्तर हवं आणि स्वतःहून रद्द केलेली बुकिंग एक टक्क्याच्या आत. म्हणून लिस्टिंगमध्ये घराचे दोष मी स्वतः लिहिते. लिफ्ट नाही, सकाळी रस्त्याचा आवाज येतो, दुसरी खोली लहान आहे. बुकिंग थोडी कमी होतात, होऊ देत. आलेला माणूस चिडून जात नाही. मोडतोडीचे पैसे मागायचे तर चेक-आउटपासून चौदा दिवसांत, म्हणून मावशी दर वेळी सफाईच्या आधी आणि नंतर प्रत्येक खोलीचा फोटो पाठवतात. गेल्या महिन्यात फुटलेल्या काचेच्या टेबलाचे पैसे मिळाले ते त्यांच्या फोटोमुळे, माझ्या गोड बोलण्यामुळे नाही.

अजून एक, हे कुणी करत नाही. आपल्याच फ्लॅटमध्ये वर्षातून एकदा रात्री जाऊन झोपा, बॅग घेऊन, पाहुण्यासारखं. मी गेले तेव्हा कळलं की बेडवर पडल्यावर दिव्याच्या बटणापर्यंत हातच पोचत नाही. तीन वर्षं लोक अंधारात चाचपडत होते आणि एकानेही लिहिलं नव्हतं.

मध्येच गंमत सांगते. एअरबीएनबी सुरू कशी झाली माहितेय? २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन मित्रांना घरभाडं जमेना. शहरात डिझाइनवाल्यांचं संमेलन, हॉटेलं भरलेली. त्यांनी हॉलमध्ये हवेच्या गाद्या फुगवल्या, तीन पाहुणे ठेवले आणि सकाळी नाश्ता दिला. नावातच तो नाश्ता आहे, बीएनबी म्हणजे बेड अँड ब्रेकफास्ट. म्हणजे पहिल्या दिवसापासून कुणीतरी पाहुण्यांच्या आधी उठत होतं!

परत त्या रात्रीवर येते, कारण एक गोष्ट अजून लिहिली नाही. त्या बाईंचा रिव्ह्यू आला, पाच स्टार. त्यात मावशींबद्दल चार ओळी, माझ्याबद्दल एकही नाही. मी तो स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर मिरवला. मावशींना मात्र त्या रात्रीचे म्हणून काही द्यायचं मला चार दिवस सुचलंच नाही. त्यांनी मागितलेही नाहीत. पाचव्या दिवशी त्यांच्या मुलाला सहज विचारलं, झोप झाली का रे त्या दिवशी. तो म्हणाला, सकाळी सातला परीक्षा होती.

वहीतली ती ओळ त्या आठवड्यात सुरू झाली. रद्द झालं तर अर्धे, रात्री नऊनंतर बोलावलं तर दुप्पट. त्यांनी मागितली म्हणून नाही, मला लाज वाटली म्हणून.

भाच्या, येत्या रविवारी अकराला चेक-आउट आहे, तीनला चेक-इन. मावशींना सांगून ठेवलंय तू येणार म्हणून. किंग साइजच्या रजईला खोळ तुला एकट्याने घालायचीय. जुने कपडे घालून ये, आणि मोबाईल सायलेंटवर ठेवू नकोस.