‘३[गुण]’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सी या प्रोग्रामिंग भाषेतल्या अ‍ॅरे (एकाच प्रकारच्या मूल्यांची ओळीने लावलेली घरं) आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) यांवरच्या माझ्या लेखात, ‘गुण’ नावाच्या अ‍ॅरेतला घटक गुण[३] ऐवजी ३[गुण] असाही लिहिता येतो, हे मी दाखवलं होतं. त्यावर आपण लिहिलंय : “३[गुण] असल्या गमती नवख्यांना दाखवणं हा शुद्ध पोरकटपणा आहे. अर्धवट माहितीवर शिकवायला बसू नये. अ‍ॅरे आणि पॉइंटर एक नव्हेत, साइझऑफ लावून बघा. आकृतीतले आकडे तर वाचताच येत नाहीत.”

मतभेद असायला काहीच हरकत नाही. पण ‘पोरकटपणा’, ‘अर्धवट’ ही काय बोलायची रीत झाली? तीही नाव न लिहिता! आकृतीतले आकडे बारीक आहेत हे मात्र खरं, मोठे करून टाकतो.

आता ती ‘गंमत’. सी भाषेत गुण[३] याची व्याख्याच मुळी *(गुण + ३) अशी आहे, म्हणजे गुणच्या पत्त्यापासून ३ घरं पुढे जा आणि तिथलं मूल्य घ्या. बेरीज कुठूनही करा, उत्तर तेच; म्हणून ३[गुण] लिहिलं तरी कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) हूं की चूं करत नाही. असं लिहा, असं मी कुठे म्हटलंय? माझ्या टीममध्ये कुणी लिहिलं तर मीच तो कोड परत पाठवीन. पण हे एकदा चालवून पाहिलं की चौकोनी कंसाची भीती जाते. मोजणी शून्यापासून का, तेही उलगडतं. कंसातला आकडा म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर. पहिला घटक सुरुवातीलाच बसलाय, त्याचं अंतर शून्य.

शिवाय हे अंतर घटकांत मोजतात, बाइटमध्ये नाही. इंट (पूर्णांक) चार बाइटचा आणि गुणचा पत्ता १००० असेल, तर गुण + ३ म्हणजे १०१२, १००३ नव्हे. महाशय, मायक्रोकंट्रोलरवर (उपकरणांतल्या चिमुकल्या संगणकावर) कोड लिहून मी पोट भरतो. नवीन असताना एक जुना कोड माझ्या गळ्यात पडला होता. लिहिणाऱ्याने इंट पॉइंटरमध्ये ३ ऐवजी ३ * ४ मिळवलं होतं. कंपायलरने पुन्हा चारने गुणलं. आठच घरांचा अ‍ॅरे, आणि सेन्सरचं रीडिंग जाऊन पडलं १२ नंबरच्या घरात, म्हणजे भलत्याच व्हेरिएबलवर. रात्रभर शोधत होतो. अर्धवट माहितीवर असले बग सापडत नाहीत.

साइझऑफचं (एखादी गोष्ट किती बाइट जागा घेते ते सांगणाऱ्या ऑपरेटरचं) म्हणाल तर चार बाइटच्या पाच इंटांच्या अ‍ॅरेला २० येतात, ६४-बिट मशीनवर पॉइंटरला सहसा ८. माहीत आहे. लेखाचा तो विषय नव्हता.

फंक्शनचा मुद्दा मी ‘सोयीस्करपणे टाळला’, असंही शेवटी आहेच. टाळला नाही, लेख लांबला असता. फंक्शनला अ‍ॅरे दिला की आत फक्त पत्ता पोचतो, लांबी वेगळी पाठवावी लागते. झालं?