सत्त्याण्णव रिंगा आणि एक गांधीलमाशी

"मामा, ती आता थांबेल. थांबली की मारते."

हे वाक्य गेल्या आठवड्यात मी इतक्यांदा ऐकलंय की परवा नाशिकच्या द्वारका चौकात एक रिक्षा माझ्यापुढे अचानक थांबली, तर मी स्कूटरवर बसल्या बसल्या अंग चोरून घेतलं.

भाची पिंपळगाव बसवंतहून सुट्टीला आली ती द्राक्षांचं एक क्रेट आणि एक लॅपटॉप घेऊन. द्राक्षं आजीला, लॅपटॉप माझ्या उद्धाराला. टीव्हीला वायर जोडून तिनं १९९१ सालचा 'सोनिक' हा जपानी व्हिडिओ गेम लावला. "हा तुझ्या काळातला आहे, तुला जमेल." माझ्या काळात हा खेळ मी कॉलेज रोडच्या एका मित्राकडे फक्त बघितलेला. माझी पाळी येईपर्यंत त्याची आई ताटं घ्यायची.

सोनिक हा निळा हेजहॉग. आमच्या आईच्या मते साळिंदर. त्यानं ग्रीन हिल नावाच्या हिरव्यागार मुलखातून वाऱ्यासारखं धावायचं, वाटेत सोन्याच्या रिंगा गोळा करायच्या, आणि डॉ. रोबॉटनिक या टकल्या, मिशाळ शास्त्रज्ञानं पेरून ठेवलेली यंत्रं उडी मारून फोडायची. पहिलं यंत्र भेटतं ते मोटोबग, म्हणजे एका चाकावर चालणारा ठिपक्यांचा ढालकिडा. तो बिचारा सरळमार्गी आहे, त्याच्याशी माझं काही वाकडं नाही. वाकडं आहे ते बझ बॉम्बरशी.

ही गांधीलमाशी. पाठीमागे जेटची ज्वाळा, नांगीच्या टोकाला बंदूक. समोरून सरळ उडत येते, तुम्हाला बघते आणि हवेत थबकते. मग नांगी खाली वळवते. टोकाशी काहीतरी लुकलुकतं. त्यानंतर कुठे एक गोळा तिरका खाली येतो, तोही रमतगमत. म्हणजे ती चक्क नोटीस देऊन मारते. आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर बंद करतानासुद्धा इतकी आगाऊ सूचना मिळत नाही. आणि तरीही, ती थांबली की मी थांबतो. समोरचा थांबला की आपण थांबायचं, ही द्वारका चौकातली वीस वर्षांची तालीम. बोटांतून जात नाही. "थांबू नको ना! पळत राहिलास तर गोळा मागेच पडतो!" भाची ओरडते. तोवर मी थांबलेला असतो, सोनिक माझ्याकडे वैतागून बघत पाय आपटत असतो आणि गोळा आमच्या दोघांच्या डोक्यावर असतो.

जीव गेला असता तर एकवेळ चाललं असतं. पण या खेळात अंगावर एक जरी रिंग असली तरी मार बसल्यावर जीव वाचतो, फक्त रिंगा जातात. किती? सगळ्या. एक असली तर एक, नव्वद असल्या तर नव्वद. रिक्त हाताच्या माणसाला काय ते मरण, आणि साठवणाऱ्याला रोज नवा दिवाळखोरीचा अर्ज. मी जन्मजात साठवणारा. शंभर रिंगा झाल्या की एक जीव वाढतो हे कळल्यापासून धावणं वगैरे माझ्या डोक्यातून गेलं. मी ग्रीन हिलमध्ये मंडईत फिरल्यासारखा हिंडतो. एखादी रिंग वर राहिली की परत फिरतो. भाची हा टप्पा तीस सेकंदांच्या आत संपवून ५०,००० गुणांचा बोनस उचलते. मला सात-आठ मिनिटं सहज लागतात. दहा मिनिटं भरली की खेळ स्वतःच जीव घेतो, म्हणून तिथं वेळेचा मुक्काम जरा आवरता घ्यावा लागतो एवढंच.

आणि परत फिरलो की ती गांधीलमाशी असतेच. त्यातही एक बारकावा आहे. ठेव कितीही मोठी असो, मार बसल्यावर पडद्यावर उधळतात त्या जास्तीत जास्त ३२ रिंगा. बाकीच्या कुठे गेल्या याचा हिशेब कोणी देत नाही. त्या ३२ही काही क्षण टणाटणा उड्या मारतात, लुकलुकतात आणि विझतात. आमच्या पिढीनं पतसंस्था बघितल्यात, त्यामुळे हा देखावा अगदीच अनोळखी वाटत नाही.

ग्रीन हिल कसंबसं ओलांडून मार्बल झोनला पोचलो तर तिथेही तीच. पुढे स्प्रिंग यार्डमध्येही तीच, असं भाचीनं आधीच सांगून ठेवलं. १९९२च्या दुसऱ्या भागात तिची भावकी बझर नावानं येते आणि २०१७च्या सोनिक मेनियात ही स्वतः पुन्हा हजर. बदली होईल, निवृत्त होईल अशी आशा नाही.

आजी सोफ्यावर बसून द्राक्षं निवडत हे सगळं बघत होती. एकदा चुकून माझी उडी बरोबर बसली, माशी फुटली, १०० गुण मिळाले आणि आतून एक छोटासा ससा टुणकन बाहेर पडून पळाला.

"हे काय गं?"

"आजी, त्या रोबॉटनिकनं प्राण्यांना धरून यंत्रात कोंडलंय. आपण फोडलं की सुटतात."

"अगंबाई. म्हणजे मारणारी ती नव्हेच की." आजीनं माझ्याकडे असं बघितलं की जणू इतके दिवस मी सशावर डूख धरून होतो.

काल दुपारी ९७ रिंगा झाल्या. घड्याळ सात मिनिटांच्या पुढे. मागे एका उंचवट्यावर तीन रिंगा राहिल्याचं मला पक्कं आठवत होतं. "मामा, नको," भाची म्हणाली. मी वळलो. ठरल्याप्रमाणे ती आली, आणि खोलीत गुणगुण सुरू झाली. आवाज इतका खरा की मी मनातल्या मनात त्या जपानी मंडळींना दाद दिली. मग लक्षात आलं, आवाज टीव्हीतून येत नाहीये.

क्रेटवर खरी गांधीलमाशी होती. पिवळी, लांब पाय लोंबकळत. ती उठली, सरळ माझ्या दिशेनं आली आणि नाकासमोर दोन हातांवर थबकली.

"थांबली," मी म्हणालो.

आठवडाभर मला शिकवणारी माझी गुरू तोवर सोफ्याच्या मागे होती. तिथून तिनं मार्गदर्शन केलं, "पळ!" बारा बाय दहाच्या खोलीत पळायचं कुठे? मी जिथे होतो तिथेच उभा, हातात कंट्रोलर, बोट उडीच्या बटणावर. खरं सांगतो, मी ते दाबलंसुद्धा.

आजी उठली. स्टीलचा पेला घेतला, माशी भिंतीवर टेकायची वाट बघितली आणि अलगद तिच्यावर पालथा घातला. खालून कुणाची तरी लग्नपत्रिका सरकवली. हे सगळं तिनं फ्रीजवरचा डबा काढावा इतक्या सहज केलं. मग गॅलरीत जाऊन पत्रिका बाजूला केली. माशी समोरच्या गुलमोहराकडे निघून गेली.

"सुटली बघ," आजी म्हणाली. पेला धुवायला टाकला आणि पुन्हा द्राक्षं निवडायला बसली.

आम्ही दोघं टीव्हीकडे वळलो. पडद्यावर 'टाइम ओव्हर' अशी अक्षरं आली होती.

"मामा," सोफ्यामागून आवाज आला, "पॉज कुणी करायचं होतं?"