सव्वा तासाचं नागपूर

मोबाइलला विचारलं, पुणे ते नागपूर विमानाने किती वेळ? म्हणाला, सव्वा तास. मोबाइल खोटं बोलत नाही. त्याला फक्त कोथरूडहून निघायचं नसतं.

बायकोच्या मावसबहिणीचं लग्न. मेव्हणा आदल्या संध्याकाळीच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून रेल्वेने निघाला. मी त्याची कीव केली. "अरे, रस्त्याने सातशेच्या वर किलोमीटर, हवेतून सरळ सहाशे. आणि वर सिग्नल नसतात!"

दुपारी दोनचं विमान. काउंटर तासभर आधी बंद होतं, म्हणून बायकोच्या हिशेबाने दोन तास आधी पोचायचं, येरवड्याच्या गर्दीचा एक तास धरायचा, आणि "काही झालंच तर" म्हणून आणखी एक. दहाला घर सोडलं. काही झालंच नाही. सव्वाअकराला आम्ही लोहगावात.

मग बॅग मशीनमधून गेली आणि आम्हाला बोलावणं आलं.

"यात खोबरं आहे?"

"ओटीचं आहे," बायको म्हणाली.

"ओलं की सुकं?"

"ओटीत ओलं खोबरं कोण घालतं?"

तो बिचारा सभ्य होता. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, विमानात चालत नाही, असं त्याने समजावलं. "आमच्या डब्यात वर्षानुवर्षं असतं, कधी पेटलं नाही," यावर मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं. बॅग उघडली. मागच्या रांगेसमोर एकेक वस्तू बाहेर आली: खण, हळकुंडं, सुपाऱ्या, बदाम, आणि मधेच माझा काखेत विरलेला बनियन. खोबऱ्याच्या दोन वाट्या तळाशी निघाल्या. जप्त.

दोनचं विमान अडीचला हललं. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, त्यामुळे आधी सुखोई, मग आम्ही. देशाच्या संरक्षणाबद्दल कुरकुर करू नये. त्यातून आज तर देशाचं आमच्या खोबऱ्यापासूनही संरक्षण झालं होतं.

वर गेल्यावर मात्र खरंच तासभरच लागला. त्यात कपातल्या उपम्यावर गरम पाणी ओतून तो फुगायची वाट बघण्यात दहा मिनिटं गेली. फुगला नाही. पावणेचारला सोनेगाव. तिकिटावरच्या वेळेत जमिनीवरचं रांगणंही धरलेलं असतं, पण पट्ट्यावर बॅग येण्याचा वेळ कुणीच धरत नाही. आमची शेवटून दुसरी. तिथून जरीपटक्याला मावशींच्या दारात उतरलो तेव्हा पाच वाजले होते.

सात तासांत सहाशे किलोमीटर. रिक्षात बसल्या बसल्या सरासरी काढली होती: ताशी पंच्याऐंशी. समृद्धीवर या वेगाने गेलं तर मागचे हॉर्न वाजवतात.

"काहून जावईबापू, विमानानं येऊन राहिले होते ना तुम्ही?" मावशींनी विचारलं. मेव्हणा सकाळीच पोचला होता. अंघोळ, पोहे, जेवण, वामकुक्षी उरकून तो दुसऱ्या चहावर होता.

संध्याकाळी ओटी भरायला घेतली आणि मावशींनी ताट न्याहाळलं. "खोबरं कुठी आहे?"

मी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे. मेव्हण्याने शांतपणे पिशवीत हात घातला आणि दोन वाट्या काढून ताटात ठेवल्या. "ताई, आईने जास्तीच्या दिल्या होत्या."

परतीचं तिकीटही विमानाचंच होतं. पैसे परत न मिळणारं.