दोनशे रुपयांचा राइस बोल आणि त्यातला भात : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पुण्यातल्या बाणेर-बालेवाडीतल्या ऑफिसवाल्यांनी दुपारच्या जेवणासाठी राइस बोलचं, म्हणजे भात आणि त्यावर ग्रेव्ही एकाच डब्यात देणारं, ठिकाण कसं पारखावं, या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. राजमाभाताचंच नाव बदलून दोनशे रुपये घेतात. 'बासमती' म्हणून मागवलेला बोल ऑफिसात पोचला तेव्हा भाताचे गोळे झाले होते आणि तळाशी पाणी होतं. आणि एवढा भात खाल्ला की तीन वाजता डोळे मिटायला लागतात, त्यापेक्षा घरचा डबा बरा. दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींची किल्ली तिथेच आहे.

तुमच्या बोलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी बिघडल्या. गरम भात डब्यात भरून लगेच झाकण दाबलं की वाफेला वाट राहत नाही. ती झाकणाला लागून थेंब धरते, थेंब भातावर पडतात आणि शितांची वरची बाजू चिकट होते. मग तो भात निवतो. बासमतीत अमायलोज हा स्टार्च जास्त असतो. म्हणून तो गरम असताना फडफडीत राहतो आणि त्याच कारणाने गार झाल्यावर ताठरतो. आधी चिकट आणि मग ताठर, म्हणजे गोळे. तांदूळ बासमती नव्हता, असा अर्थ यावरून काढू नका. चांगल्या बासमतीचेही अर्ध्या तासाच्या पार्सलमध्ये असे हाल होतात.

तळाचं पाणी ग्रेव्हीचं. कांदा-टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतला नसेल तर मसाला आणि पाणी एकजीव होत नाहीत, उभं राहिल्यावर पाणी वेगळं होतं. बासमतीच्या सुट्या शितांच्या मधे फटी राहतात, त्यामुळे पातळ ग्रेव्ही वरून ओतली की सरळ खाली उतरते. वरचा भात कोरडा, तळाचा भिजलेला. म्हणून बासमतीवर दाट ग्रेव्हीच शोभते : राजमा, मखनी, चमच्याला चिकटून राहणारी डाळ. पातळ रश्श्याला थोडा आसट, ग्रेव्ही धरून ठेवणारा भात हवा. पातळ थाई करी थोड्या चिकट जास्मिन तांदळाबरोबर खातात, त्यातही हाच हिशेब आहे.

आपल्याकडे या कामाला इंद्रायणी उत्तम. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तो तयार झाला. शिजल्यावर मऊ आणि चिकट होतो, आणि निवल्यावरही बासमतीइतका ताठरत नाही. जपानी-कोरियन धाटणीचे बोल विकणाऱ्यांनी तो वापरला तर कोणी नाक मुरडू नये. तिथे मोकळ्या शितांचा भात हीच खरी चूक, कारण असा भात चॉपस्टिकने उचलला जात नाही. पार्सलवरच चालणाऱ्या ठिकाणांनी बासमतीचा हट्ट सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मेनूवर 'बासमती' हा शब्द भारदस्त दिसतो, पण बोल पोचेपर्यंत त्याचा गुण उरत नाही.

म्हणूनच नव्या ठिकाणी पहिल्यांदा प्रत्यक्ष जाऊन खावं आणि सगळ्यात साधा बोल घ्यावा, असं लेखात सुचवलं होतं. शेजवान किंवा फ्राइड राइस घेतला तर भाताचा दोष तेल, सॉस आणि तिखटाखाली झाकला जातो. फ्राइड राइससाठी मुद्दाम आधी शिजवून गार केलेला भातच वापरतात, त्यामुळे त्यावरून रोजच्या भाताचा अंदाज येत नाही.

जायची वेळ पावणेएकच्या आसपास ठेवा. भाताची पहिली खेप तेव्हा नुकती उतरलेली असते. सव्वाला गर्दी होते, आणि दोननंतर मिळणारा भात बहुधा तासभर तरी वॉर्मरमध्ये, म्हणजे गरम ठेवायच्या भांड्यात, बसलेला असतो : कडेला वाळलेला, तळाशी दबलेला. काउंटरवर उभं राहून भाताच्या भांड्याकडे बघा. झाकण काढल्यावर वाफ आली पाहिजे. भात उलथन्याने कडेकडून उचलून वाढत असतील तर माणूस जाणता आहे. डाव खुपसून दाबून भरत असतील तर शितं तुटतात आणि भाताचा लगदा होतो. आधी भात, एका बाजूला ग्रेव्ही, आणि कांदा, कोशिंबीर, पापडाचा चुरा असलं कुरकुरीत सगळ्यात शेवटी, हा वाढण्याचा क्रम. कुरकुरीत जिन्नस ग्रेव्हीखाली गेला की दोन मिनिटांत मऊ पडतो. वेळेचाही हिशेब धरा. एक बोल भरायला दीड मिनिट लागत असेल आणि पुढे आठजण असतील तर बारा मिनिटं रांगेतच जातात. पाऊण तासाच्या सुट्टीत एवढं चालतं, अर्ध्या तासाच्या नाही.

आता पैसे. पनीर बोल १८९ रुपयांना धरू. ५ टक्के जीएसटी मिळवून १९८ रुपये ४५ पैसे. पाऊणशे ग्रॅम बासमती ८-९ रुपयांचा, ७० ग्रॅम पनीर २८ रुपयांच्या आसपास, ग्रेव्ही आणि वरचं सगळं वीसेक, डबा-चमचा दहा. म्हणजे माल ६५ ते ७० रुपयांचा, किमतीच्या साधारण ३५ टक्के. हॉटेलच्या धंद्यात मालाचा खर्च ३० ते ३५ टक्के धरून चालतात. बाकी भाडं, पगार, गॅस. तेव्हा पनीर बोलला लूट म्हणता येणार नाही. राजमा बोलची गोष्ट मात्र वेगळी. त्यात सुका राजमा ४० ग्रॅम, म्हणजे ६-७ रुपयांचा. तोही पनीरच्याच भावाने विकत असतील तर तुमचा राग रास्त आहे. भात पारखायला राजमा एकदा घ्या, पैशांचा मोबदला हवा असेल तेव्हा पनीर किंवा चिकन घ्या. अॅपवरचे दर अनेक ठिकाणी काउंटरपेक्षा चढे असतात, तेही ताडून बघा. बिलात न विचारता सेवाशुल्क लावलं असेल तर काढायला सांगा. ते सक्तीचं नाही. आणि बिलावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असायलाच हवा.

झोपेचं कारण बहुतेक वेळा भाताचं प्रमाण असतं. पाऊणशे ग्रॅम तांदळाचा २०० ग्रॅमच्या आसपास भात होतो, आणि बैठं काम करणाऱ्याला तो पुरतो. पण ७५० मिलीचा डबा भरलेला दिसावा म्हणून साडेतीनशे ग्रॅमपर्यंत भात कोंबतात, कारण बोलमधला सगळ्यात स्वस्त जिन्नस तोच. 'भात निम्मा, वरचं जास्त' असं सांगा. वरचं वाढवायला वीस-तीस रुपये मागितले तरी द्या. तेरियाकीसारख्या गोड सॉसमध्ये साखर बरीच असते, तो वेगळा मागून बेताने घ्या. सोबत कोल्ड्रिंक नको, ताक घ्या.

घरच्या डब्याशी या बोलची स्पर्धा नाहीच. डबा जमतो त्या दिवशी डबाच खावा. हे उत्तर डबा नसलेल्या दिवसासाठी आहे.

त्याच ठिकाणाहून पुन्हा मागवायचं झालं तर ग्रेव्ही वेगळ्या डब्यात मागा आणि भाताच्या झाकणाला भोक पाडायला सांगा. भात ताठरलाच तर त्यावर चमचाभर पाणी शिंपडून मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर ठेवा. उष्णतेने तो पुन्हा मऊ होतो. उरलेला बोल मात्र संध्याकाळच्या भुकेसाठी टेबलावर ठेवू नका. शिजवल्यावरही भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहू शकतात. भात कोमट राहिला की ते रुजून जिवाणू वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलटीचं विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. तासाभरात फ्रिजमध्ये ठेवता येत नसेल तर टाकून द्या. दुकानातला भातही ६० अंशांच्या वर धरून ठेवलेला असायला हवा, म्हणजे पहिल्या घासाला तो नीट गरम लागला पाहिजे. काउंटरवरच कोमट भात हातात आला तर तिथल्या तिथे परत करा आणि पुन्हा त्या दुकानात जाऊ नका.