पुढच्या पुनर्रचनेत डोक्यांबरोबर रस्तेही मोजा

मतदारसंघांच्या पुढच्या पुनर्रचनेत लोकसभेच्या जागा उत्तरेत वाढणार की दक्षिणेत घटणार, यावर सगळे बोलताहेत. आपल्या राज्यातल्या मतदारसंघांच्या हद्दी कशा आखल्या जातील, यावर मात्र कुणी बोलत नाही.

मागची पुनर्रचना न्या. कुलदीप सिंग आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून केली आणि २००९ पासून आपण त्याच हद्दींत मतदान करतोय. विधानसभेच्या जागा २८८ च राहिल्या, पण तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४ झाल्या. रत्नागिरीच्या ७ वरून ५, सिंधुदुर्गाच्या ४ वरून ३. खेड, संगमेश्वर, मालवण, वेंगुर्ला ही नावं यादीतून गेली. नाथ पै आणि मधु दंडवते यांना दिल्लीत पाठवणारा राजापूर लोकसभा मतदारसंघही गेला.

ठाण्याला जागा मिळाल्या ते योग्यच झालं. १९७१ च्या लोकसंख्येवर २००४ पर्यंत निवडणुका घेणं हा तिथल्या मतदारांवर अन्याय होता. माझा आक्षेप आहे तो हद्दींवर. परिसीमन कायदा, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आखण्याचा कायदा, सांगतो की मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर असावा, डोंगर-नद्या, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. आणि मावळ बघा! उरणची खाडी आणि पिंपरी-चिंचवडचे कारखाने एकाच खासदाराकडे, मध्ये अख्खा सह्याद्री. गडचिरोली-चिमूर तर गोंदियातल्या आमगावपासून तेलंगणाच्या हद्दीवरच्या सिरोंच्यापर्यंत पसरलाय. सिरोंच्याच्या माणसाने खासदाराला भेटायचं कुठे आणि कसं? गुहागर रायगड मतदारसंघात, शेजारचं चिपळूण रत्नागिरी-सिंधुदुर्गात, यात लोकांची कुठली सोय पाहिली?

लोकसंख्या समान हवी हे मान्य. पण विरळ वस्तीच्या, डोंगराळ भागात थोडी कमी लोकसंख्या चालवून घेतली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर जिथून माणसं पोटासाठी मुंबईला गेली, तिथला आवाजही त्यांच्या मागोमाग जातो.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते तो दिवस, १ मार्च २०२७ ठरलाय. पुढचा आयोग बसेल तेव्हा मागच्यासारखेच त्यात आमदार-खासदार सहयोगी सदस्य असतील (त्यांना मताचा अधिकार नसतो), मसुदा राजपत्रात येईल, हरकती मागवल्या जातील. अंतिम आदेश निघाल्यावर संसदही त्यात बदल करू शकत नाही आणि न्यायालयात दाद मिळणं जवळपास अशक्य. त्यामुळे मसुदा मराठीत, गावांच्या नावांसकट, प्रत्येक तहसील कार्यालयात लागला पाहिजे आणि सुनावण्या जिल्ह्याजिल्ह्यात झाल्या पाहिजेत. ही मागणी ग्रामसभांनी आत्तापासून ठराव करून लेखी पाठवावी.