आमचा फाटा अजून यादीत नाही

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, कोंढाळीच्या अलीकडे, आमच्या गावचा फाटा आहे. गेल्या मंगळवारी दिवेलागणीला मी आईला मागे बसवून तिथे दुचाकीवर उभा होतो. समोर संत्र्यांचे क्रेट भरलेला ट्रॅक्टर दुभाजकाच्या कटमध्ये शिरला, पलीकडून येणाऱ्या ट्रकांमुळे तिथेच अडकला आणि त्याच्या ट्रॉलीचा मागचा अर्धा भाग अमरावतीकडे जाणाऱ्या वेगवान लेनवर तसाच राहिला. ट्रॉलीला ना दिवा, ना रेडियमची पट्टी. एका मोटारीने अगदी जवळ येऊन करकचून ब्रेक दाबला. टायर जळाल्याचा वास आमच्यापर्यंत आला. कोणी मेले नाही, म्हणून त्या संध्याकाळची नोंद कुठेही झालेली नाही.

माझा संताप याच गोष्टीचा आहे. महामार्गावरची एखादी जागा ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणजे अपघातप्रवण ठरून सरकारी यादीत यायची, तर साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, अथवा दहा माणसे मरावी लागतात. पैसा आधी कुठे खर्च करायचा हे ठरवण्यासाठी असा निकष लागतो, हे मला मान्य आहे. पण प्रत्यक्षात तो काहीच न करण्याचे कारण म्हणून पुढे केला जातो. ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आम्ही कार्यालयात गेलो, तेव्हा साहेबांनी फाइल चाळली आणि ‘तुमचा फाटा यादीत नाही’ एवढे बोलून ती मिटली. म्हणजे यादीत यायला आम्ही आणखी किती माणसे द्यायची?

अपघात झाला की ‘चालकाची चूक’ असे लिहून सगळे मोकळे होतात. चौपदरी महामार्गावर मोटारीला ताशी १०० किलोमीटर वेगाची कायदेशीर मुभा आहे, म्हणजे ती सेकंदाला जवळपास २८ मीटर अंतर कापते. भरलेल्या ट्रॉलीला जागेवरून निघून दोन लेन ओलांडायला आठ-नऊ सेकंद सहज लागतात, आणि तेवढ्या वेळात ती मोटार सव्वादोनशे ते अडीचशे मीटर पुढे आलेली असते. आमच्या फाट्यावर उजवीकडे बाभळी माजल्या आहेत, त्यांच्यापुढे ढाब्याचा फलक आहे. शंभर मीटरपलीकडचे काही दिसत नाही. जे वाहन दिसतच नाही, त्याला वाट द्यायची तरी कशी? ही चूक ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराची नाही, फाटा असा ठेवणाऱ्यांची आहे.

आम्ही उड्डाणपूल मागितलेला नाही. गावाच्या रस्त्याला महामार्गाला मिळण्याआधी रंगवलेला, नीट उंचीचा गतिरोधक हवा, म्हणजे उतारावरून येणारी दुचाकी थेट महामार्गावर घुसणार नाही. महामार्गावर फाट्याच्या आधी चाकांना हादरे देऊन चालकाला सावध करणाऱ्या रंबल पट्ट्या हव्यात आणि रात्री लुकलुकणारे सोलर ब्लिंकर हवेत. वळणाऱ्या वाहनाला दुभाजकालगत थांबायला वेगळी लेन हवी, म्हणजे ट्रॉलीचे शेपूट धावत्या रहदारीत राहणार नाही. यातले काहीही नवे नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक पुस्तिकांत हे सारे कधीचे लिहिलेले आहे. आम्हाला मिळाला तो हायमास्टचा खांब, आणि त्यावरचा दिवा बसवल्यापासून महिनाभरही जळला नाही.

२०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आले. रस्त्याचे डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हेल्मेट नसले की माझी पावती तिथल्या तिथे फाटते, आणि ती फाटावीच. मग हे कलम अशा फाट्यांवर कधी लागणार?

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू आहे आणि डिसेंबरपर्यंत रोज ट्रॉल्या याच कटमधून जातील. पहाटेचे धुके अजून पडायचे आहे. किमान त्या बाभळी तरी या आठवड्यात तोडा. ते काम गावातली चार माणसे अर्ध्या दिवसात करतील, परवानगीचा कागद तेवढा आमच्या हातात द्या.